पोटातली सुकट

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

टेबलापासून पंधरा पावलांवर, दाराबाहेरच्या खुर्चीत बसून, तोंडाला दोन-दोन मास्क लावून आणि नाकाखाली निलगिरी चोळून तुम्ही एका माणसाच्या पोटात काय आहे ते लिहिलंत. त्या पोटात तुम्ही डोकावलासुद्धा नाहीत. कायदा म्हणतो, चिरफाड डॉक्टरने करायची. तुमच्या त्या बैठ्या इमारतीत सुरी भाऊराव इंगळेच्या हातात असते आणि सही तुमची असते. शवागाराचं थंड मशीन मे महिन्यात नऊ दिवस बंद होतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तीन अर्ज तुमच्या टेबलावर पडले होते, त्यातला पहिला भाऊरावचाच. तेव्हा "मला कुणी कळवलं नाही" हे वाक्य खिशात ठेवा आणि त्या मंगळवारी काय झालं ते ऐका.

भाऊराव मूळचा बुलढाण्याकडचा. बाप पोटामागे घाटकोपरला आला, डोंगरउतारावर पत्र्याची खोली बांधली, आणि भाऊराव तिथंच वाढला. दहावी नापास झाला तो झाडूवाला म्हणून इस्पितळात लागला. एक दिवस शवागारातला माणूस आला नाही म्हणून याला दोन तासांसाठी आत पाठवलं. त्या दोन तासांना आता सत्तावीस वर्षं झाली. बदली मागितली की वरून उत्तर यायचं, "तुमच्या लोकांना सवय असते." कसली सवय आणि कुठले लोक, हे विचारायची सोय नव्हती.

लोकांना वाटतं मढ्याला एकच वास असतो. साफ चूक. भाऊराव डोळे मिटून सांगेल. छाती उघडली की ओल्या लोखंडासारखा वास येतो, पावसात गंजलेल्या खिडकीच्या गजाला येतो ना, तसा. कवटीवर करवत चालली की जळकट, बैलाला नाल ठोकताना खुराचा येतो तो. दारुड्याचं काळीज आंबूस. साखरेचा आजार असलेल्याला पिकून गेलेल्या केळ्यांचा. आणि पोट, पोट म्हणजे तर माणसाचा शेवटचा डबाच. शेवटचा वडापाव, शेवटचा चहा, शेवटचं औषध किंवा शेवटचं विष. सगळं तिथं असतं आणि झाकण उघडलं की आधी नाकाला कळतं. मग मात्र सगळं परत आत भरायचं, गळ्यापासून ओटीपोटापर्यंत शिवायचं, पाणी मारायचं, फिनेल ओतायचं. त्यानंतर शेटजी असो की हमाल, सगळ्यांना एकच वास. रक्त, फिनेल आणि सुतळी.

हा वास हातमोज्यातूनही आत येतो. भाऊरावने काय काय करून पाहिलं नाही? लिंबू, बेसन, चहाची भुकटी, राख. बायको शकु रोज संध्याकाळी मोरीत गरम पाण्याची बादली ठेवते आणि म्हणते, "काही येत नाही हो वास. तुमच्या डोक्यात बसलाय तो." पण सत्तावीस वर्षं भाऊराव भाकरीसुद्धा चमच्याने तुकडे करून खातो. वस्तीतले त्याला चिडवतात, "काय इंगळेसाहेब, काटा हरवला काय?" तो हसतो. सांगणार काय?

तर मंगळवार. इथून पुढे तुम्हालाही नुसतं साहेब म्हणतो, भाऊराव म्हणतो तसं. मशीन बंद पडून नववा दिवस. आत अकरा मढी, पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाज करणारा. अगरबत्तीचे पुडेच्या पुडे जाळले तरी फाटकापासून लोक नाकाला रुमाल लावत होते. साहेब सकाळी साडेनऊला आले आणि खुर्ची आणखी चार पावलं मागे ओढून बसले.

पहिला नंबर नाहूरच्या नाल्यातल्या माणसाचा. सोमवारी दुपारी काढलेला, दोन दिवस पाण्यात राहिलेला. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, कातडी हिरवट-काळी, ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण गळ्यात तिरका पट्टा आणि पट्ट्याला बॅग. बॅगेत पाने, पक्कड, टेस्टर, न उघडलेला डबा आणि एका लिफ्ट कंपनीचं कार्ड. नितेश मेस्त्री, राहणार कांदिवली. शनिवारपासून बेपत्ता असल्याची तक्रार होतीच. हवालदाराला याहून काय हवं? कागदावर नाव चढलं.

भाऊरावने चिरलं, साहेबांनी दारातून विचारलं, "काही विशेष?"

"साहेब, जरा येऊन बघा. पित्ताची पिशवी..."

"विशेष आहे का नाही तेवढं सांग. मला मीटिंग आहे."

"पोटात जेवण आहे, साहेब."

"ठीक आहे. बुडून मृत्यू. बाकी नॉर्मल." आणि पेन छापील फॉर्मवरून भराभर खाली उतरलं. हृदय नॉर्मल, यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, मूत्रपिंड नॉर्मल. रेशनच्या रांगेत शिक्के मारावेत तसं.

ती पित्ताची पिशवी सुरी लागून फुटली होती. हिरवं-पिवळं पाणी मोज्याच्या कडेतून मनगटावर गेलं. पित्ताचा वास म्हणजे कडू. नाकाने कडू कळतं का, असं कुणी विचारेल. कळतं. जिभेच्या मुळापर्यंत जातो तो. भाऊरावने साबणाने दोनदा हात धुतले, तरी मनगट तसंच.

साडेअकराला घरचे आले. नितेशचा थोरला चुलत भाऊ चंद्रप्रकाश आणि नितेशची बायको सुलक्षणा. शववाहिनी फाटकात उभी, कांदिवलीला शेजारीपाजारी तयारीला लागलेले. हवालदाराने चंद्रप्रकाशला दारापर्यंत नेलं. आत तोंडावरचं कापड बाजूला केलेलं होतं. त्या बिचाऱ्याने उंबऱ्यावरूनच, रुमाल तोंडात कोंबून, अर्धा डोळा उघडला आणि मागच्या मागे वळला.

"तोच. तोच आमचो नितेश," म्हणाला, आणि भिंतीला धरून ओकला. मग ताब्याच्या कागदावर सही केली.

त्याला बोल लावू नका. त्या वासात कुणीच बघत नाही. भाऊरावने नऊ दिवसांत सतरा घरचे पाहिले, सतराच्या सतरा उंबऱ्यावरून मागे फिरले.

सुलक्षणा मात्र आत आली. पस्तिशीची, बारीक, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ब्लाऊज शिवता शिवता उठून आली असणार. पदर तिने नाकाला लावला नव्हता. भाऊराव तोंडावर कापड ओढून गाठ मारत होता. तो पटकन मध्ये उभा राहिला.

"ताई, नका येऊ. बघण्यासारखं नाही."

"बघत नाही मी, मामा." इस्पितळात सगळेच त्याला मामा म्हणतात. "एकच विचारायचंय. बाहेरचे साहेब काही सांगत नाहीत."

"विचारा."

"डबा बॅगेत तसाच होता म्हणे. झाकण पण नाही काढलेलं." तिचा आवाज सरळ होता, सरळ ठेवलेला. "भांडून गेला हो शनिवारी. मी बोलले त्याला. म्हटलं, जा, उपाशी मर. तर... तो उपाशी गेला का, एवढंच सांगा."

सत्तावीस वर्षांत भाऊरावला लोकांनी खूप काही विचारलं होतं. किती वेळ लागेल, कापड बदलून मिळेल का, अंगठी कुठं गेली. तुला काय दिसलं, तुला कसला वास आला, असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. नियम असा की बोलायचं नाही. बोलणार तो डॉक्टर. भाऊरावने दाराकडे पाहिलं. साहेब मोबाईलवर होते.

"नाही ताई," तो हळूच म्हणाला. "उपाशी नाही गेला. पोट भरलेलं होतं. चांगलं जेवला होता."

तिने डोळे मिटले. "खरं?"

"खोटं कशाला बोलू? भात होता. आणि सुकट. कांदा घालून केलेली. वास लपतो का तिचा? शेपट्यापण दिसल्या बारीक बारीक, गुलाबी. कुणीतरी मायेने वाढलं असेल बघा."

त्याला वाटलं ती रडेल. निदान सुस्कारा तरी सोडेल. तिने झटकन डोळे उघडले.

"काय म्हणालात?"

"सुकट. जवळा हो, सुकवलेला."

"सुकट?"

"हो."

"मामा, नितेश सुकट खात नाही." ती एक पाऊल पुढे आली. "कोळंबी नाही, जवळा नाही, काहीच नाही. वाडीत हसतात आम्हाला, मालवणी असून कोळंबीला भितो म्हणून. माझ्या बहिणीच्या लग्नात एक घास गेला चुकून, तर घसा सुजून डोळे बाहेर आले. कुडाळला न्यावा लागला जीप करून. तेव्हापासून माझ्या घरात सुकटीचा दाणा नाही. मी शेजारी जाऊन खाते!"

चंद्रप्रकाश दारातून ओरडला, "सुलक्षणा, भायर ये! काय बडबडतंस?"

"दादा, तुम्ही नीट बघितलात?"

"बघितलंय गो!"

"काय बघितलात?"

त्याने रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाला, "अगो, बॅग त्याची, कार्ड त्याचा. आणि खाल्ली असतली चुकून, नि म्हणूनच गेलो असतलो. त्रास झालो, चक्कर इली, पडलो नाल्यात."

बोलणं बिनतोड होतं. सुलक्षणाचं तोंड पडलं. हवालदार घड्याळाकडे बघून म्हणाला, "बाई, मनाला लागतं, समजतं आम्हाला. पण गाडी थांबलीय."

भाऊराव इतका वेळ मनगट पॅंटला पुसत होता. सवयीने. तो थांबला.

"ताई, त्याचं कधी ऑपरेशन झालं होतं? पोटाचं?"

"झालंय ना. दोन वर्षांपूर्वी, दुर्बिणीतून. खडे झाले होते पित्तात, ती पिशवीच काढून टाकली. घरात डबीत आहेत खडे. फेकून देत नाही मेला, आल्यागेल्याला दाखवतो."

भाऊरावने तिला बाजूला घेतलं नाही, हळू बोलला नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या खोलीत मोठ्याने बोलला.

"मग हा तुमचा माणूस नाही. याची पित्ताची पिशवी होती. सकाळी माझ्या हातात फुटली. हे बघा." त्याने मनगट पुढे केलं. "घ्या वास. दोनदा धुतलंय तरी जात नाही."

आणि त्या बाईने खरोखरच त्याचं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. घरची माणसंसुद्धा ज्या हाताच्या जवळ येत नाहीत असं भाऊरावला वाटायचं, तो हात. "कडू," ती म्हणाली. मग त्याच हाताला धरून ती मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून घरची भाषा फुटली, "न्हय हा! माझो घोव न्हय हा! दादांनू, सही फाडा ती!"

गडबड ऐकून साहेब दारापर्यंत आले, पुढे नाही.

"काय तमाशा आहे? इंगळे, तू डॉक्टर आहेस का?"

"नाही साहेब. डॉक्टर तुम्ही. तुमच्या कागदावर काय लिहिलंय बघा ना. पित्ताशय नॉर्मल."

"मग?"

"यांच्या माणसाला पित्ताशयच नाही."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मग बाईकडे. मग म्हणाले, आणि हे शब्द हवालदारानेही ऐकले, "अरे, ते फॉर्मॅट असतं. सगळं नॉर्मलच लिहितात. त्यावरून काही ठरत नाही."

सुलक्षणा उठली. पदर कमरेला खोचला. "साहेब, माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येतो ना, तर मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही माणूस कापून न बघता लिहिता? कागद खरा असेल तर हा नितेश नाही. आणि कागद खोटा असेल तर तसं लिहून द्या मला, आत्ता, या हवालदारांसमोर."

साहेबांचा मास्क आत-बाहेर होत राहिला. हवालदार पोलीस असला तरी चांगला माणूस निघाला. तो खाकरून म्हणाला, "सर, टाके उसवून बघून घ्या ना एकदा. उद्या माझ्या गळ्यात येईल."

तेव्हा साहेब आत आले. पंधरा पावलं. मोजायला भाऊराव होता. त्याने गाठ सोडली, सुतळी कापली, यकृत उचलून धरलं. खाली चिकटलेली ती रिकामी पिशवी, फाटलेली पण जागेवर. बघायला दोन सेकंद लागले. साहेब उलट्या पावली बाहेर गेले आणि नळावर खूप वेळ तोंड धूत राहिले.

शववाहिनी परत पाठवली. पण मग नितेश कुठं? हा नाही म्हणजे तो जिवंत, असं थोडंच असतं? सुलक्षणाला हे कळत होतं. बाकावर बसून ती मोजपट्टी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

भाऊरावने फोन काढला. वरच्या लोकांच्या मीटिंगा असतात, खालच्या लोकांचे फोन नंबर असतात. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक इस्पितळात कुणी ना कुणी मामा, कुणी ना कुणी मावशी आहे, आणि अनोळखी म्हणून आलेला माणूस त्यांच्याच हाताखालून जातो. मुलुंडला नव्हता. घाटकोपरला एक होता, पण सत्तरीचा. मग कांदिवलीला धाकू. हा धाकू अपघात वॉर्डात स्ट्रेचर ढकलतो.

"अनोळखी पुरुष? आहे ना एक," धाकू म्हणाला. "शनिवार रात्रीचा. भांडुपला बाईकने उडवला, तिथं जागा नव्हती म्हणून फिरत फिरत इथं टाकला. जबडा मोडलाय, बांधून ठेवलाय. शुद्धीत येतो-जातो, बोलता येत नाही. खिशात काहीच नव्हतं."

"पोटावर बारीक टाक्यांचे डाग बघ. दुर्बिणीचे. बेंबीपाशी एक आणि उजवीकडे वर."

"थांब." पायांचा आवाज, कुणीतरी ओरडलं, पडदा सरकला. सुलक्षणा उभी राहिली होती. "आहेत रे भावा. चार आहेत."

"फोन त्याच्या कानाला लाव."

भाऊरावने फोन सुलक्षणाकडे दिला. तिला सुरुवात कुठून करावी ते कळेना. मग ती एकदम भांडणाच्याच सुरात म्हणाली, "काय रे ए? डबा टाकून खय गेल्लंस?"

पलीकडून शब्द आला नाही. बांधलेल्या जबड्यातून नुसता हुंकार आला, लांब, वरखाली होणारा. मग धाकूचा आवाज, "अहो, रडतोय हा! नर्सबाई, इकडे या, याला ओळख लागली!"

चंद्रप्रकाश तिथंच जमिनीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता म्हणाला, "अगो, मी तुका रांडमुंड करून टाकलं होतंय गो. मी सही केली होती!" सुलक्षणाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग दोघंही हसत-रडत बसली. हवालदार दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. सगळ्या अंगणात कुजका वास भरला होता आणि कुणालाही तो येत नव्हता.

निघताना तिने भाऊरावचे दोन्ही हात हातात घेतले. त्याने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "ताई, नको, वास..."

"असू दे," ती म्हणाली. "या वासाने माझं घर परत दिलं. बरा झाला की घेऊन येते त्याला तुमच्याकडे. खडे दाखवील तो तुम्हाला, बघावेच लागतील."

रिक्षा सुटली. छातीवरचा दगड उतरावा तसं भाऊरावला हलकं वाटत होतं. तो आत आला. टेबलावरचा माणूस उघडाच होता.

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा शिवलं, या वेळी बारीक टाक्यांनी, घाई न करता. पाणी घातलं. मग पायाच्या अंगठ्याचं लेबल कापून काढलं. नितेश मेस्त्री. ते फाडलं आणि कोरं लेबल हातात घेऊन उभा राहिला.

याच्या गळ्यात नितेशची बॅग कशी आली, कोण सांगणार? चोरली असेल. किंवा रस्त्यावर पडलेली दिसली, आत कार्ड दिसलं, पोचवायला निघाला असेल. डबा तर त्याने उघडला नव्हता. नाल्याच्या कडेला कठडा नव्हता, हे मात्र नक्की. आणि हेही नक्की की शनिवारी त्याला कुणीतरी भात वाढला होता. त्याच्यासाठी कुणीतरी कांदा चिरला, सुकट परतली. ते माणूस आज चौथ्या दिवशी कुठल्यातरी दारात उभं असेल, कुठल्यातरी चौकीत त्याचं नाव सांगत असेल.

भाऊराव लेबल घेऊन बाहेर आला. साहेब गाडीत बसत होते. त्याने दार धरलं.

"साहेब, हा बेपत्ता असल्याची तक्रार कुठल्या चौकीत आहे, कोण शोधतंय?"

"ते पोलीस बघतील."

"पोलीस म्हणतात, तुमचं पत्र आलं की बघू. पत्र कधी देता?"

"इंगळे, दार सोड."

भाऊरावने दार सोडलं नाही. पित्ताचा, फिनेलचा, सुतळीचा वास गाडीच्या थंड हवेत शिरला. साहेबांनी तोंड वळवलं. भाऊरावने कोरं लेबल त्यांच्या मांडीवरच्या फाइलीवर ठेवलं आणि खिशातलं पेन काढून त्यावर आडवं ठेवलं.

"सात वर्षं शिकलात तुम्ही, साहेब. मी नापास आहे. मला सांगा, याचं नाव काय लिहू?"